पिकअपवर कॅम्पर चढवताना मागच्या सस्पेन्शनला काय लावावं आणि काय नको

अमेरिका-कॅनडात ज्याला ट्रक कॅम्पर म्हणतात, ती पिकअपच्या हौद्यात सरकवून बसवायची छोटी खोली असते. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, गॅस, बॅटऱ्या, मोठ्या मॉडेलात संडास-बाथरूमसुद्धा. ट्रेलरला स्वतःची चाकं असतात, कॅम्परला नसतात. त्याचं जवळजवळ सगळं वजन एकट्या मागच्या ॲक्सलवर येतं आणि हे वजन उंच असतं. टणक भिंतींचा कॅम्पर चढवल्यावर गाडीची उंची दहा-बारा फुटांपर्यंत जाते. त्यामुळे पिकअप विटा-रेती वाहताना जशी वागते तशी कॅम्पर वाहताना वागत नाही.

कॅम्पर ठेवला, गाडी मागून दोन-तीन इंच बसली, की बहुतेक मालक लगेच एअर बॅग, म्हणजे चॅसी आणि ॲक्सलच्या मध्ये बसवायच्या हवेच्या रबरी पिशव्या, मागवतात. गाडी फक्त बसत असेल तर ते ठीक. पण खरी तक्रार बहुतेकदा वेगळी असते. वळणावर गाडी डोलते, शेजारून मोठा ट्रक गेला की हेलकावते. त्यावर एअर बॅगचा उपयोग थोडाच होतो, आणि चुकीची हवा भरली तर डोलणं वाढतं. प्रत्येक सुटा भाग एकेका दुखण्यावरचा असतो. म्हणून आधी दुखणं ओळखायचं आणि त्यासाठी आधी वजन करायचं.

पहिलं काम वजनकाट्यावर

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतात. एकावर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या गाडीची कमाल वजनमर्यादा, आणि जीएडब्ल्यूआर, म्हणजे पुढच्या व मागच्या ॲक्सलची वेगवेगळी मर्यादा छापलेली असते. १०,००० पौंडांपर्यंत जीव्हीडब्ल्यूआर असलेल्या गाड्यांवर टायरचं आणखी एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांपेक्षा जास्त नको, ते त्यावर लिहिलेलं असतं. त्या आकड्यात माणसंही धरलेली असतात, हे अनेकजण विसरतात. घरातली चार माणसं बसली की सहाशे पौंड तिथेच गेले.

कॅम्परच्या माहितीपत्रकातलं ‘ड्राय वेट’ हे कोऱ्या कॅम्परचं वजन असतं. प्रवासाला निघतानाचं वजन त्याहून बरंच जास्त भरतं. एक उदाहरण मांडू. पत्रकात २,५०० पौंड लिहिलंय. वर बसवलेला एसी, बाजूला उघडणारी छत्री आणि कॅम्पर उचलायचे जॅक मिळून २५० पौंड. पाण्याची टाकी ३० गॅलनची. अमेरिकन गॅलनभर पाणी ८.३४ पौंडांचं, म्हणजे २५० पौंड. दोन सिलिंडरांतला गॅस ४० पौंड. शिसे-ॲसिडच्या दोन बॅटऱ्या १२० पौंड. भांडी, कपडे, शिधा, अवजारं २४० पौंड. बेरीज ३,४०० पौंड, म्हणजे सुमारे १,५४० किलो. पत्रकापेक्षा नऊशे पौंड जास्त.

हे आकडे घरी अंदाजाने न धरता काट्यावर तपासा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर ‘कॅट स्केल’चे काटे असतात. त्यांचे पट्टे वेगवेगळे असल्यामुळे पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच खेपेत निराळा मोजला जातो. दोन खेपा करा. पहिल्या खेपेला इंधनाची टाकी पूर्ण भरलेली, प्रवासाला येणारी माणसं बसलेली, पण कॅम्पर नाही. दुसऱ्या खेपेला पाणी, गॅस, सामान भरलेला कॅम्पर चढवून. दोन्ही पावत्या जपून ठेवा, पुढचे सगळे निर्णय त्यांवरच घ्यायचे आहेत.

अमेरिकेत पिकअपचे हाफ-टन, थ्री-क्वार्टर टन आणि वन-टन असे वाढत्या ताकदीचे वर्ग आहेत. आपल्या उदाहरणातली गाडी मागे एकेक चाक असलेली वन-टन आहे असं धरू. कॅम्परशिवाय पुढे ४,२००, मागे २,९०० पौंड. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या सहा इंच पुढे आणि व्हीलबेस, म्हणजे दोन ॲक्सलमधलं अंतर, १६० इंच. तर ३,४०० पौंडांपैकी १६० भागांतले सहा भाग, म्हणजे जेमतेम १२७ पौंड पुढच्या ॲक्सलवर जातील आणि ३,२७३ पौंड मागे. मागचा ॲक्सल ६,१७३ वर पोहोचला. आता तोच कॅम्पर हौद्यापेक्षा लांब असल्यामुळे गुरुत्वमध्य ॲक्सलच्या दहा इंच मागे पडला असं समजा. मग मागे ३,६१२ पौंड येतात आणि पुढचा ॲक्सल उलट २१२ पौंडांनी हलका होतो. स्टिअरिंग हलकं लागणं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरणं, समोरच्यांच्या डोळ्यांवर हेडलाइट जाणं, हे सगळं इथून येतं. मागे कितीही मजबूत स्प्रिंग लावली तरी पुढून उचललं गेलेलं वजन परत येत नाही. त्यावर उपाय कॅम्पर बदलणं किंवा जड सामान पुढच्या बाजूला हलवणं एवढाच. कॅम्परच्या अंगावर गुरुत्वमध्याची खूण असते. कॅम्पर विकत घेण्याआधी ती खूण आपल्या हौद्यात कुठे पडते ते टेप लावून बघा.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. कोणतीही एअर बॅग, पाटा किंवा रबर जीएडब्ल्यूआर वाढवत नाही. ती मर्यादा ॲक्सलची नळी, बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक आणि चॅसी या सगळ्यांतल्या सर्वांत कमकुवत भागावर ठरलेली असते. काट्यावर मागचा आकडा स्टिकरपेक्षा जास्त निघाला तर सस्पेन्शनवर पैसे घालू नका. कॅम्पर हलका घ्या किंवा गाडी मोठी घ्या. बसलेली गाडी निदान ओव्हरलोड दिसते. एअर बॅगने सरळ केलेली गाडी दिसत नाही, म्हणून ती जास्त धोक्याची.

मग टेप घेऊन गाडीखाली

सपाट जमिनीवर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. एकदा रिकाम्या गाडीचं, एकदा कॅम्परसह. जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेचा फरक त्यात मिसळतो. डावी-उजवी बाजू अर्ध्या इंचाने वेगळी आली तर स्प्रिंगला दोष देण्याआधी कॅम्परमधली मांडणी बघा. स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या एकाच अंगाला असतील तर गाडी त्या अंगाला कलणारच.

मग गाडीखाली आडवे व्हा. थ्री-क्वार्टर टन आणि वन-टनच्या बहुतेक गाड्यांना मागे पाटे असतात. मुख्य पाट्यांच्या वर एक जादा पाटा असतो, तो ओव्हरलोड. रिकाम्या गाडीत त्याची दोन्ही टोकं चॅसीवरच्या पॅडपासून सुटी असतात. वजन आलं की टेकतात. काही गाड्यांत जुडग्याच्या तळाशी आणखी एक जाड, जवळपास सरळ पाटा असतो. तो सगळ्यांत शेवटी कामाला लागतो. कॅम्पर चढवलेला असताना वरच्या ओव्हरलोडचं टोक आणि पॅड यांत बोट घालून बघा. पॅडला रबर असेल तर त्यावर खडूची रेघ मारा, वीसेक मैल गाडी फिरवून आणा आणि रेघ पुसली गेली का ते पाहा. दोन्ही बाजूंची पूर्ण पुसली असेल तर ओव्हरलोड सतत काम करतोय. एका बाजूची पुसली, दुसरीकडची तशीच राहिली, तर सरळ रस्त्यावर गाडी मऊ पाट्यांवर तरंगते आणि वळणावर एकाच बाजूचा ओव्हरलोड टेकतो. ‘गाडी आधी पडते, मग अडते’ असं वाटतं ते यामुळे.

बंपस्टॉपवरही, म्हणजे ॲक्सल वर येऊन चॅसीला धडकू नये म्हणून लावलेल्या रबरावरही, खडू लावा. तिथली रेघ पुसलेली आणि रबर चकाकलेलं दिसलं तर खड्ड्यात ॲक्सल पार वर येऊन आपटतोय.

टायर आणि बांधणी, सस्पेन्शनच्या आधी

डोलणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांचं दुखणं टायरच्या भिंतींत निघतं. कॅम्परसाठी एलटी (लाइट ट्रक) प्रकारचे, ‘लोड रेंज ई’चे टायर लागतात. त्यांतली कमाल हवा साधारणतः ८० पीएसआय असते. टायरच्या भिंतीवर लिहिलेला भारांक वाचा. भारांक १२१ म्हणजे एका टायरला १,४५० किलो, सुमारे ३,१९५ पौंड. १२५ म्हणजे १,६५० किलो, सुमारे ३,६४० पौंड. आपल्या उदाहरणात मागे ६,१७३ पौंड आहेत. १२१ भारांकाच्या दोन टायरांची ताकद ६,३९० पौंड, म्हणजे शिल्लक फक्त २१७. १२५ च्या दोन टायरांना हजाराहून जास्त पौंडांची शिल्लक राहते. हाच फरक स्टिअरिंगवर हातालाही कळतो. रिमवर कोरलेला कमाल भारही तपासा. बाजारातल्या दिखाऊ अलॉय रिम टायरपेक्षा कमकुवत असू शकतात.

हवा थंड टायरमध्ये, निघण्याआधी मोजायची. तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरलं की दाब साधारण दोन टक्के कमी होतो. ॲरिझोनात दुपारी भरलेली हवा कोलोरॅडोच्या डोंगरात पहाटे कमी भरते ती यामुळे.

मागे दोन-दोन चाकांची ड्युअली असेल तर ध्यानात ठेवा, जोडीतल्या टायरचा भारांक कमी धरतात. १२१/११८ लिहिलेल्या टायरचा दुसरा आकडा जोडीसाठीचा, म्हणजे १,३२० किलो. तरी चार टायर मिळून ५,२८० किलो झाले. टायरच्या बाबतीत ड्युअली निवांत असते.

दुसरी गोष्ट कॅम्परची बांधणी. कॅम्पर हौद्यातच इंच-अर्धा इंच सरकत असेल तर ड्रायव्हरला ते सस्पेन्शनचं डोलणं वाटतं. हौद्यात जाड रबराची चटई अंथरा. कॅम्परचं पुढचं तोंड हौद्याच्या पुढच्या भिंतीला भिडेल असा आधार द्या. टाय-डाउन, म्हणजे कॅम्पर बांधायचे हुक, शक्यतो चॅसीला लावलेले घ्या. हौद्याच्या पत्र्याला लावलेले पत्रा फाडतात. बांधणी आवळायचे स्प्रिंगचे टर्नबकल मापात ताणा. अतिताणाने कॅम्परच्या चौकटीतले कोपरे उघडतात. निघाल्यावर पहिल्या पन्नास मैलांनी थांबून ताण पुन्हा बघा. पहिल्या प्रवासात तो सैल झालेला असतोच.

टायर आणि बांधणी दुरुस्त करून पुन्हा एक फेरी मारा. जी तक्रार उरली, तिचाच उपाय पुढे शोधायचा.

गाडी डोलते, पण फार बसत नाही

इथे पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आहे तो ओव्हरलोड लवकर टेकवणं. ओव्हरलोडच्या टोकाशी किंवा पॅडवर जाड पॅड बसवून मधली फट भरायची. टॉर्कलिफ्टचे स्टेबललोड याच तत्त्वावर चालतात. वरच्या आणि खालच्या ओव्हरलोडसाठी त्यांचे वेगळे प्रकार आहेत. भरलेल्या गाडीत फट अर्धा इंच असेल तर तेवढी किंवा किंचित जास्त भरली की पुरे. ओव्हरलोड आधीच घट्ट टेकलेला असेल तर आणखी जाड पॅडने डोलणं फारसं कमी होणार नाही, गाडी कडक मात्र होईल. या उपायाचा मोठा गुण असा की पाटे चॅसीच्या बाहेरच्या अंगाला असतात. जितका आधार बाहेरच्या बाजूला, तितका कलण्याला विरोध जास्त.

दुसरा उपाय मागचा जाड स्वे बार. हा दांडा वजन पेलत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली जाऊ लागलं की तो पिळला जातो आणि कलणं अडवतो. दांड्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे सव्वा इंचाचा भरीव दांडा सव्वा इंचापेक्षा फक्त एक अष्टमांश इंच बारीक असलेल्या दांड्याच्या जवळपास दीडपट कडक असतो. हेलविग, रोडमास्टर अशा कंपन्यांचे बार बहुतेक मोठ्या पिकअपसाठी मिळतात. फोर्डच्या सुपर ड्यूटीला कारखान्यातून कॅम्पर पॅकेज घेता येतं. जुनी गाडी घेताना ते आहे का आणि मागे बार आहे का, हे खाली वाकूनच बघा.

स्वे बार बसवताना चुका ठरलेल्या असतात. लिंकचे, म्हणजे बारची टोकं जोडणाऱ्या छोट्या दांड्यांचे, बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळले की बुश, म्हणजे सांध्यांतले रबरी गुट्टे, पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पाट्यांवर आणि लिंक जवळजवळ उभी, अशा स्थितीत शेवटचा आवळा द्या. मग या तीन जागा नक्की बघा: ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल आणि डिफरन्शियलचं झाकण. ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळताना आणि पूर्ण वर असताना, दोन्ही वेळा बार यांना लागता कामा नये. पॉलियुरेथेनचे बुश कोरडे पडले की कुरकुरतात. किटसोबत आलेलंच ग्रीस लावा. कच्च्या डोंगरी रस्त्यावर जाड बारमुळे चाकं स्वतंत्रपणे हलत नाहीत, म्हणून तसल्या वाटांवर जाणाऱ्यांनी एक लिंक सहज सोडता येईल असा प्रकार घ्यावा.

गाडी खरोखरच बसते

काट्यावर वजन मर्यादेत आहे, ओव्हरलोड टेकलेला आहे, तरी मागची उंची फार उतरली आणि बंपस्टॉपवरचा खडू पुसला गेला, तर जादा आधार द्यायचा. रबर, हवा किंवा पाटा, यांपैकी एक निवडायचा.

कारखान्याचा बंपस्टॉप काढून त्या जागी पोकळ रबराची स्प्रिंग बसवणं, हा सगळ्यांत कमी कटकटीचा मार्ग. टिम्ब्रेनची किट याच प्रकारची, तर सुमोस्प्रिंग्ज फेसाळ पॉलियुरेथेनच्या. ना नळी, ना हवा, ना गळती. दोष एकच: उंची कमी-जास्त करता येत नाही. कॅम्पर कायम एकच आणि सामान साधारण तेवढंच असेल तर हेच घ्यावं, असं आमचं मत.

एअर बॅगचा खरा गुण हाच की उंची आणि डावं-उजवं हवेवर जमवता येतं. कॅम्पर आज चढवायचा, उद्या उतरवून गाडी कामावर न्यायची, असं असेल तर बॅग सोयीची. फायरस्टोनची राइड-राइट, एअर लिफ्टची लोडलिफ्टर ५००० ही नेहमी दिसणारी किट. जोडीची क्षमता ५,००० पौंडांच्या आसपास आणि दाब ५ ते १०० पीएसआय. बॅगमध्ये कधीही पाचपेक्षा कमी हवा ठेवू नये, नाहीतर रबराच्या घड्या चिमटतात आणि तिथेच भोक पडतं.

बॅग बसवताना पाळायच्या गोष्टी:

डाव्या-उजव्या बॅगची नळी वेगवेगळी ठेवा. एकाच टी-जोडाने दोन्ही जोडल्या की वळणावर दाबलेल्या बॅगमधली हवा मोकळ्या बॅगमध्ये जाते आणि गाडी आणखी कलते. हवा भरायचे दोन व्हॉल्व्ह नंबरप्लेटजवळ आजूबाजूला लावले तरी हरकत नाही.

नळी कात्रीने कापू नका, तोंड चपटं होतं. धारदार ब्लेडने काटकोनात कापा आणि फिटिंगमध्ये तळाला लागेपर्यंत ढकला. फिटिंग हाताने घट्ट झाल्यावर पान्याने साधारण दीड फेरा. त्याहून जोर लावला तर चीर पडते.

बॅग फुगवल्यावर चारही अंगांनी किमान अर्धा इंच मोकळं हवं. सायलेन्सर सहा इंचांच्या आत येत असेल तर हीट शील्ड लावा. उष्णतेने कडक झालेलं रबर बाहेरून ठीक दिसतं आणि एक दिवस उभं चिरतं.

सगळं झालं की भांड्यांचा साबण पाण्यात घालून प्रत्येक जोडावर ब्रशने लावा. फिटिंगच्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक उठू लागले तर ती गळती. नळी बाहेर काढून टोक नव्याने कापा. एका रात्रीनंतर दाब पुन्हा मोजा. पहिल्यांदा दोन-चार पीएसआय कमी दिसणं चालतं, कारण नळी ताणली जाते आणि दाबमापक जोडतानाही थोडी हवा सुटते. पाचहून जास्त उतरला तर साबणाचं पाणी पुन्हा काढा.

आता हवा किती? ही चूक सगळ्यांत जास्त होते. बॅगची जागा चॅसीच्या जवळ, म्हणजे पाट्यांच्या आतल्या बाजूला असते. हवा इतकी भरली की गाडी रिकाम्या उंचीला पोचली, तर वरचा ओव्हरलोड पॅडपासून सुटतो. रुंद पायांवर उभी असलेली गाडी एकदम अरुंद पायांवर येते. म्हणून कॅम्परसह दहा पीएसआयपासून सुरुवात करा. दर वेळी दहा-दहाने वाढवा, मडगार्डचं माप घ्या आणि ओव्हरलोडची टोकं बघा. गाडी बसली त्यातली साधारण निम्मी उंची परत आली आणि ओव्हरलोड अजून टेकलेला आहे, तिथे थांबा. कॅम्परसह मागून अर्धा-एक इंच खाली असलेली गाडी बिघडलेली नसते. डावीकडे-उजवीकडे पाच-दहा पीएसआयचा फरक ठेवून कलणं दुरुस्त करता येतं. वीसपेक्षा जास्त फरक लागत असेल तर आतलं सामान हलवा.

तिसरा मार्ग पाट्यांचा. आपल्याकडे टेम्पोला पाटेवाल्याकडून एक जादा पाटा टाकून घेतात, तोच प्रकार इथे ‘ॲड-अ-लीफ’ नावाने मिळतो. शिवाय वरून चिमट्यासारखे बसणारे सुपरस्प्रिंग्ज आहेत. कॅम्पर वर्षातले सहा-आठ महिने गाडीवरच असेल तर स्प्रिंगच्या वर्कशॉपमधून काट्याच्या पावतीप्रमाणे नवं जुडगं बनवून घेणं सगळ्यांत समाधानाचं ठरतं. आधार बाहेरच्या अंगाला, गळती शून्य, आणि गाडी भरलेल्या वजनाला सरळ उभी राहते. किंमत मात्र मोजावी लागते: रिकामी गाडी चालवताना पाठीला दणके बसतात.

पाट्याचं काम करताना पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणलेले यू-बोल्ट दुसऱ्यांदा तेवढा ताण धरत नाहीत. पाट्यांच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या खाचेत नीट बसल्याची खात्री करून चारही नट आलटून-पालटून, तिरपे, टप्प्याटप्प्याने मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत आवळा. पहिल्या शंभर मैलांनी आणि नंतर पाचशे मैलांनी पुन्हा टॉर्क रेंच लावा. हे राहून गेलं की पाटे ॲक्सलवर सरकतात, सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल तिरका होतो. उंची वाढवायला ॲक्सल आणि पाट्यांमध्ये नुसते ठोकळे घालू नका. त्यांनी भार पेलायची ताकद रतीभरही वाढत नाही, गुरुत्वमध्य मात्र वर जातो.

गाडी उसळते

सिमेंटच्या हायवेवरच्या सांध्यांवर गाडी नाक वर-खाली करत राहते, एका उसळीनंतर दोन-तीन उसळ्या येतात. हे काम शॉकॲब्सॉर्बरचं. स्प्रिंग कडक केली आणि शॉक जुनेच ठेवले तर हे दुखणं वाढतं, कारण कडक स्प्रिंगमध्ये साठलेली ताकद जुना शॉक जिरवू शकत नाही. कारखान्याचे शॉक रिकाम्या आणि भरलेल्या गाडीमधली तडजोड असते. बिल्स्टाइन ५१०० सारखे जाड शॉक रस्त्याच्या धक्क्यांप्रमाणे स्वतःच जमवून घेतात. रँचोच्या आरएस९०००एक्सएलला नऊ खाचांची घुंडी आहे. कॅम्परसह सात ते नऊ, रिकामी असताना दोन-तीन. वारंवार कॅम्पर चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांना घुंडीचे बरे. शॉक चारही बदला. फक्त मागचे बदलले की नाचायचं काम पुढच्यांकडे जातं.

कॉइल स्प्रिंगच्या गाड्या

रॅम १५०० ला २००९ पासून आणि रॅम २५०० ला २०१४ पासून मागे कॉइल स्प्रिंग आहेत. ओव्हरलोडचे पॅड, सुपरस्प्रिंग्ज, ॲड-अ-लीफ हे सगळे मार्ग तिथे बंद. उरतात रबर-फेसाच्या स्प्रिंग, त्या मॉडेलसाठीच्या एअर बॅग आणि स्वे बार. कॉइलच्या आत बसणाऱ्या छोट्या बॅगची जोडी हजारेक पौंडांपुरतीच असते. हलक्या पॉप-अप (छत वर उचलायच्या) कॅम्परला ठीक, त्याहून मोठ्याला नाही. मोठा कॅम्पर घ्यायचा नक्की असेल आणि गाडी अजून घेतलेली नसेल, तर पाट्यांची वन-टन रॅम ३५०० घ्या. एफ-१५० किंवा सिल्व्हराडो १५०० सारख्या हाफ-टनवर टणक भिंतींचा मोठा कॅम्पर बसवण्याचा विचार सोडून द्या. स्टिकरवरचा आकडा वाचला की ते लगेच पटतं.

सगळं बसवल्यावर

जुन्या टोयोटा टॅकोमासारख्या काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला एक दांडी जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडी मागून बसली की मागे भार आहे असं त्याला कळतं आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. हेल्पर स्प्रिंगने गाडी उचलली की हा व्हॉल्व्ह गाडी रिकामी आहे असं समजतो, आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. अशा गाडीत दांडीचं माप मॅन्युअलप्रमाणे पुन्हा बसवून घ्या. हे काम ब्रेकच्या मेकॅनिककडूनच.

एका वेळी एकच बदल करा, दर बदलानंतर त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने फेरी मारा. एक उतार, एक लांब वळण आणि सिमेंटचे सांधे असलेला रस्ता ठरवून ठेवा. एअर बॅग, स्वे बार आणि शॉक एकाच शनिवारी बसवले तर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, हे कधीच कळणार नाही. नंतर पुन्हा काट्यावर जा, कारण डोंगरावर निघेपर्यंत कॅम्परमध्ये सायकली, जनरेटर आणि कुत्र्याचं खाणंही चढलेलं असतं. हेडलाइटची दिशा भरलेल्या गाडीत, रात्री, पंचवीस फुटांवरच्या भिंतीसमोर जमवा.

कॅम्पर उतरवला की उलटा क्रम लक्षात ठेवा: बॅगेतली हवा पाच-दहा पीएसआयवर आणा, शॉकची घुंडी खाली फिरवा, मागच्या टायरची हवा दारावरच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याला उतरवा. कॅम्परची हवा ठेवून रिकामी गाडी पावसात वळणावर नेली तर मागची चाकं रस्ता सोडतात.